हिस्टिडीन घे, एकेक गट सुटा सोडव

अमिनो आम्लाच्या कोणत्या गटावर प्रोटॉन किती प्रमाणात आहे आणि प्रभार किती, हे काढायचंय. घाबरू नकोस, गणित बारावीचंच आहे. पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमधलं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल घे.

बाजूच्या साखळीचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा प्रोटॉन सुटलेला असतो तो) सुमारे ६. सूत्र असं: प्रोटॉन नसलेले भागिले असलेले = दहाचा (पीएच वजा पीकेए) वा घात. इथे फरक १.४; दहाचा १.४ वा घात साधारण २५. म्हणजे प्रोटॉन नसलेले २५, तर असलेला १. टक्केवारीसाठी भागायचं २६ ने, २५ ने नव्हे! प्रोटॉनवाले जेमतेम ४ टक्के.

नवखे हमखास अडखळतात ते इथे:
- सूत्रात फॉस्फेटचा पीकेए ७.२ घालतात. बफर फक्त पीएच सांभाळतो; पीकेए हिस्टिडीनचाच. (मीही सबंध वही अशी खोडली आहे.)
- प्रोटॉन गेला की प्रभार ऋण, असं धरतात. कार्बॉक्सिलचा ऋण होतो. अमिनोचा आणि या साखळीचा शून्य.

प्रथिनात पीकेए सरकतो, पण ते सध्या राहू दे. आधी लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल करून बघ.