गावातल्या वायरलेस नेटवर संध्याकाळी पिंग वाढतो, लाइन वाढवून घेऊ की व्हायरस शोधू?

तुम्ही म्हणताय तासगावकडं पाण्याच्या टाकीवर एपी (कस्टमरच्या अँटेनांना वायरलेस नेट देणारा रेडिओ) आहे, 40 कस्टमर, मागून 100 एमबीपीएसची लाइन, ग्राफवर ती निम्मीपण भरत नाही तरी संध्याकाळी पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) 800 मिलिसेकंदावर जातो. मग लाइन वाढवून काय उपयोग? पैसे घालू नका, आधी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मोजा.

मी विट्याकडं असंच छोटं नेटवर्क सांभाळतो आणि नवीन ऑपरेटरला पहिलं हेच सांगतो, एमबीपीएस सोडा, पॅकेट पर सेकंद बघा. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो आणि प्रत्येक पॅकेटमागं थांबणं, पोचपावती हे आलंच, मग ते 1500 बाइटचं असो की 60 चं. व्हायरस लागलेला पीसी असली बारकी पॅकेट सेकंदाला शेकड्यानं सोडतो, ग्राफवर एक एमबीपण दिसत नाही पण एपीचा सगळा वेळ खाऊन टाकतो.

आमच्याकडं एक झेरॉक्सचं दुकान होतं, दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावायचे, विंडोज 7, अपडेट कधीच नाही. मायक्रोटिक राउटरमध्ये टॉर्च (चालू ट्रॅफिक दाखवणारं टूल) लावला तर आतला आयपी एकच आणि समोरचे आयपी भराभर बदलतायत, सगळ्यांचा पोर्ट 445 (विंडोज फाइल शेअरिंगचा दरवाजा). 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच पोर्टवरून. पोर्ट 23 (टेलनेट, दुरून लॉगिन करायचा) दिसला तर पीसी नाही, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) तपासा, 2016 चा मिराय व्हायरस असल्याच डिव्हाइसवर चढायचा. 25 वर (मेल पाठवायचा पोर्ट) खच पडला असेल तर स्पॅम जातोय.

आता बहुतेक जण हे पोर्ट टॉवरखालच्या मेन राउटरवर ड्रॉप करतात, बाहेरच्या जगाला त्याचा उपयोग आहे, तुमच्या एपीला काडीचा नाही, कारण पॅकेट तोवर हवेतून येऊन गेलेलं असतं. रूल कस्टमरच्या छतावरच्या अँटेनात पाहिजे. ती ब्रिज मोडमध्ये (पॅकेट न तपासता पुढं ढकलणारा) असेल तर राउटर मोडला घ्या आणि फायरवॉलच्या फॉरवर्डमध्ये (पलीकडं जाणाऱ्या पॅकेटचे रूल) 135 ते 139, 445, 23 आणि 25 तिथंच ड्रॉप करा. मेलची काळजी नको, साधा मेल प्रोग्राम 587 किंवा 465 वरून पाठवतो. एपीवर डिफॉल्ट फॉरवर्ड (कस्टमरचं एकमेकांशी थेट बोलणं) बंद करा म्हणजे एका कस्टमरचा किडा दुसऱ्याकडं जाणार नाही.

अपलोडची मर्यादासुद्धा अँटेनातच घाला, अपलोड तुंबलं की डाउनलोडच्या पोचपावत्या अडकतात आणि सगळंच रडतं. मेन राउटरवर पीसीक्यू (प्रत्येक कस्टमरला समान वाटा देणारी रांग) लावा, एकूण मर्यादा 100 नको, 90 च्या आसपास, म्हणजे रांग तुमच्या राउटरवर लागेल, पुढच्याच्या नाही. राउटरओएस 7 (मायक्रोटिकचं सॉफ्टवेअर) असेल तर केक ही नवी रांग-पद्धत वापरून बघा, मला तो आवडतो.

आणि हो, स्वतःचे राउटर अपडेट केलेत का? 2018 मध्ये विनबॉक्सच्या (राउटर सांभाळायचा मायक्रोटिकचा प्रोग्राम) भोकातून खूप मायक्रोटिक हॅक झाले होते, त्याचा पोर्ट 8291 बाहेरून बंदच पाहिजे.

कस्टमरची लाइन न सांगता तोडू नका. त्या बिचाऱ्याला काही माहीतच नसतं. फोन करा, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची फुकट टूल्स आहेत ती चालवायला सांगा, जमत नसेल तर माणूस पाठवा. एवढं करूनही ग्राफ खरंच 90 ला टेकायला लागला तर मग बिनधास्त लाइन वाढवा.