उडत्या विमानात कॉकपिटची वीज गेली तर पायलट काय करतात?

तुम्ही विचारलंय की हवेत असताना वीज गेली तर विमान कोसळतं का, आणि पायलट त्या वेळी करतात तरी काय. कोसळत नाही. जेट इंजिन एकदा पेटलं की जळत राहायला त्याला बाहेरची वीज लागत नाही. त्याच्या कंट्रोल कॉम्प्युटरलाही इंजिनावरच बसवलेला एक छोटा अल्टरनेटर वीज देतो. (गेटवरून निघताना केबिनचे दिवे क्षणभर लुकलुकतात, तो बिघाड नसतो. भार इंजिनांच्या जनरेटरवर जात असतो, इतकंच.)

मी पायलट नाही. विमानांचं वायरिंग आणि उपकरणं यांच्या देखभालीत नोकरी केली, त्यामुळे हे सगळं हँगरच्या बाजूने दिसतं तसं सांगतोय.

एअरबस ए३२० घ्या. दोन्ही इंजिनांवर प्रत्येकी ९० केव्हीएचा जनरेटर. शेपटीत एपीयू म्हणजे छोटं सहायक इंजिन, त्याच्यावर तिसरा. एक गेला तर दुसरा भार उचलतो आणि गॅलीतले (विमानातल्या स्वयंपाकघरातले) ओव्हन वगैरे आपोआप तोडले जातात. सगळेच गेले तर रॅट नावाचा छोटा पंखा विमानाच्या पोटातून बाहेर पडतो आणि वाऱ्यावर फिरून ५ केव्हीए वीज देतो. तोपर्यंत बॅटऱ्या. घरच्या इन्व्हर्टरवर गीझर चालत नाही तसंच इथेही: उडवायला लागणारे कॉम्प्युटर, कॅप्टनच्या बाजूची उपकरणं, एखादा रेडिओ. बाकी अंधार.

आता माणसं काय करतात ते. २२ ऑक्टोबर २००५च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक ए३१९ (ए३२०चंच धाकटं भावंड) लंडनहून बुडापेस्टला निघालं होतं. वीस हजार फुटांच्या आसपास, अजून वर चढत असताना, कॉकपिटमधल्या सहापैकी पाच पडद्यांवर काळोख झाला. ऑटोपायलट सुटला, ऑटोथ्रस्ट (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) गेला, इंटरकॉम गेला, बहुतेक दिवे गेले. हवा स्वच्छ होती. कॅप्टनने बाहेरचं क्षितिज बघत विमान हाताने उडवलं आणि ‘मेडे’, म्हणजे जिवावरच्या संकटाची हाक, पुकारला. तो कुणाला ऐकू गेला नाही, कारण ज्या रेडिओवर ते बोलत होते त्याचीही वीज गेलेली होती! को-पायलट उरलेल्या पडद्यावरची चेकलिस्ट ओळीने करत गेला. त्यातल्या एका ओळीत ‘एसी इसेन्शियल फीड’, म्हणजे अत्यावश्यक उपकरणांना वीज कुठून यायची ते ठरवणारा स्विच, पर्यायी मार्गावर टाकायचा होता. तो टाकला आणि साधारण दीड मिनिटाच्या अंधारानंतर बहुतेक सगळं परत आलं. पुढे ते बुडापेस्टलाच उतरले. बिघाडाचं मूळ कारण चौकशीत सापडलं नाही.

ते दीड मिनिट मला फार शिकवणारं वाटतं. एकाने उडवायचं, दुसऱ्याने वाचायचं, ही वाटणी शेवटपर्यंत मोडली नाही. दोघांनीही डोकं पॅनेलमध्ये खुपसलं असतं तर विमान कुणाच्याच हातात नव्हतं.

हाच स्विच प्रत्येक वेळी कामाला येतो असं मात्र नाही. पुढच्याच वर्षी, १५ सप्टेंबर २००६ला, ईझीजेटचं ए३१९ फ्रान्सवरून ब्रिस्टलकडे जात असताना जवळपास हाच प्रकार झाला. तिथे स्विच दाबून काही उपयोग झाला नाही आणि सगळे रेडिओही गेले. त्यांनी वाट न बदलता ठरल्या मार्गाने ब्रिस्टल गाठलं. मला तो निर्णय पटतो. बोलता येत नसेल तर जमिनीवरच्या लोकांना तुम्ही कुठे असाल याचा अंदाज तरी बांधता आला पाहिजे. त्यानंतर विजेचा मार्ग स्विच न दाबता आपोआप बदलावा अशी सुधारणा या विमानांत आली.

इथपर्यंत गेलेल्या विजेची गोष्ट झाली. ती वेळ देते. तारेतून ठिणगी पडून काहीतरी पेटलं, तर सगळा हिशोबच उलटतो.

२ सप्टेंबर १९९८, स्विसएअर १११, न्यूयॉर्क ते जिनिव्हा, एमडी-११. रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी पायलटांना कॉकपिटमध्ये वेगळा वास आला. चार मिनिटांनी त्यांनी ‘पॅन-पॅन’ दिला, म्हणजे तातडी आहे पण जिवावरचं संकट नाही. आधी बोस्टन मागितलं, कंट्रोलरने जवळचं, कॅनडातलं हॅलिफॅक्स सुचवलं. मग उंची कमी करायची होती, वजन उतरवायला इंधन सोडायचं होतं, आणि धुराची चेकलिस्ट होती. चेकलिस्टप्रमाणे केबिनची वीज तोडली तेव्हा हवा फिरवणारे पंखे थांबले आणि छतातली आग उलट कॉकपिटकडे ओढली गेली. दहा चोवीसला ऑटोपायलट गेला, आणीबाणी जाहीर झाली, पाठोपाठ एकेक यंत्रणा मरत गेली. दहा एकतीसला विमान नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. २२९ माणसं गेली.

ठिणगी पडली त्या ठिकाणी करमणुकीच्या पडद्यांना वीज नेणारी एक तार होती, आणि आग पसरली ती इन्सुलेशनवरच्या धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या आवरणातून. काही लोक पायलटांना दोष देतात की इंधन सोडण्यात वेळ का घालवला. कॅनडाच्या चौकशी मंडळाने गणित मांडून दाखवलं की पहिल्या मिनिटापासून हॅलिफॅक्सकडे सूर मारला असता तरी ते सुखरूप पोचले नसते. त्या अपघातानंतर धुराबद्दलची शिकवण बदलली. आधी ऑक्सिजन मास्क, लगेच जवळच्या विमानतळाकडे तोंड, आणि चेकलिस्ट वाटेत. धूर कुठून येतोय ते शोधत बसायचं नाही.

शेवटी सर्किट ब्रेकर, म्हणजे तारेतून जास्त वीज वाहिली की ती तोडणारा खटका; आमच्या भाषेत सीबी. सीबी उडाला की परत दाबावासा वाटणं साहजिक आहे; घरात आपण तेच करतो. विमानात हवेत असताना सहसा दाबत नाहीत. कॅप्टनच्या मते सुखरूप उतरायला ती यंत्रणा हवीच असेल तर एकदाच, आणि इंधनपंपाचा तर कधीच नाही.

जुलै २००७मध्ये अमेरिकेत सेसना ३१० या छोट्या विमानाच्या पायलटला तार जळल्याचा वास आला. त्याने हवामानाचा रडार बंद केला, सीबी खेचला, वास गेला. उतरल्यावर त्याने हे रीतसर लिहूनही ठेवलं. विमान दुरुस्तीसाठी थांबवलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उडालं, आणि चौकशीच्या निष्कर्षानुसार नव्या पायलटने तो सीबी बहुधा परत दाबला. फ्लोरिडातल्या सॅनफर्ड गावात ते घरांवर कोसळलं. विमानातले दोघे आणि जमिनीवरचे तिघे गेले. म्हणून खेचलेल्या सीबीवर आम्ही कॉलर (अडवणारी छोटी कडी) चढवतो, म्हणजे तो चुकून कुणाकडून आत दाबला जात नाही, आणि नोंद लॉगबुकात करतो. तार तपासून झाल्याशिवाय तो कॉलर निघत नाही.