राजेशाही, हुकूमशाही की लोकशाही: कुठली राज्यपद्धत चांगली?

तुम्ही विचारलंय की राजेशाही, हुकूमशाही, संसदीय लोकशाही, अध्यक्षीय पद्धत यांत कुठलीचं काय चांगलं आणि काय वाईट. शेवटी असंही विचारलंय की एखादा कडक हुकूमशहा दहा वर्षं मिळाला तर कामं झटपट होणार नाहीत का. मी फोंड्याचा आहे, तेव्हा उत्तर गोव्यावरूनच देतो. 1905 साली इथे जन्मलेला आणि ब्याऐंशी वर्षं जगलेला माणूस पोर्तुगालचा राजा, प्रजासत्ताक, हुकूमशाही, भारताचा लष्करी गव्हर्नर, केंद्रशासित प्रदेश आणि घटक राज्य असं सगळं पाहून गेला असता. एवढ्या राजवटी एकाच गावात बसून क्वचितच कुणाला बघायला मिळाल्या असतील.

त्या तोलताना मी एकच गोष्ट बघतो. सरकारचा निर्णय चुकला तर तो मागे घ्यायला लावण्यासाठी साध्या माणसाला काय किंमत मोजावी लागते?

हुकूमशाहीपासून सुरुवात करतो, कारण तुमचा ओढा तिकडे दिसतो. पोर्तुगालमध्ये 1926 साली लष्कराने सत्ता घेतली आणि पुढे हुकूमशहा सालाझारने ती 1968पर्यंत स्वतःच्या हाती ठेवली. ‘पोर्तुगीजांच्या काळात दाराला कडी लावावी लागत नसे’ असं सांगणारी जुनी माणसं गोव्यात आजही भेटतात. ती खोटं बोलत नाहीत. शिस्त होती, हिशेब चोख होते, एका माणसाने ठरवलं की काम होत असे. पण त्याच काळात छापायचा मजकूर आधी सेन्सॉरकडे न्यावा लागे आणि परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. 18 जून 1946 रोजी मडगावात राममनोहर लोहिया भाषण करायला उभे राहिले, एवढ्यावरच त्यांना अटक झाली. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना लष्करी न्यायालयाने 8 वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. नागरी स्वातंत्र्य मागण्याची ही किंमत होती.

त्याहून मोठा दोष डिसेंबर 1961मध्ये उघडा पडला. भारतीय फौजा सीमेवर येऊन ठाकल्या होत्या आणि गोव्यातलं पोर्तुगीज सैन्य टिकाव धरू शकणार नाही हे उघड होतं. सालाझारचा हुकूम मात्र शेवटपर्यंत लढण्याचा होता. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो मानला नाही. 19 डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली, म्हणून पणजी आणि आजूबाजूची गावं शाबूत राहिली. त्या शहाणपणाबद्दल मायदेशी त्यांना लष्करातून काढून टाकलं गेलं. त्यांचा मान परत मिळाला तो 1974च्या क्रांतीने ती हुकूमशाही उलथल्यावर. हुकूमशहाचा निर्णय बरोबर असतो तेव्हा काम झपाट्याने होतं, हे मला मान्य आहे. तो चुकतो तेव्हा त्याला ‘हे चुकतंय’ असं सांगणारा माणूस आधीच तुरुंगात गेलेला असतो किंवा घाबरून गप्प बसलेला असतो. आणि दहा वर्षांसाठी म्हणून आणलेला हुकूमशहा दहाव्या वर्षी उठून जाईल याची हमी कोण घेणार? पोर्तुगालची ती राजवट 48 वर्षं चालली.

राजेशाहीबद्दल थोडक्यात. वारस कोण हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे सत्ताबदलाचे तंटे कमी होतात, हा तिचा गुण. ब्रिटन, नॉर्वे, जपान यांनी राजा ठेवून सत्ता संसदेकडे दिली, ती तडजोड चांगली चाललीय. खरी सत्ता हातात असलेला राजा मात्र कसा निघेल हा नशिबाचा भाग. पोर्तुगालचा राजा 1910 साली गेला आणि प्रजासत्ताक आलं, तेव्हा इथल्या हिंदूंना प्रथमच बरोबरीचे नागरी हक्क मिळाले. मराठी शाळा आणि मराठी नियतकालिकं त्याच मोकळ्या हवेत वाढली. ते प्रजासत्ताक मुळातच डळमळीत होतं, सरकारं सतत पडत. त्या अस्थिरतेला कंटाळूनच लोकांनी लष्कराला मुकाट्याने वाट दिली. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या प्रश्नात तोच कंटाळा मला दिसतो.

गोव्याची स्वतःची जुनी पद्धत म्हणजे गावकरी, पोर्तुगीज जिला कोमुनिदाद म्हणत. गावची जमीन सामाईक, ती खंडाने द्यायची, आलेल्या पैशातून बांध, देऊळ, पाणी यांचा खर्च भागवायचा आणि उरलेलं गावकऱ्यांत वाटायचं. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि भरती-ओहोटीचं पाणी अडवणारी-सोडणारी मानशी (झडपेचं दार) शतकानुशतकं टिकली, ती याच व्यवस्थेमुळे. थेट लोकशाहीचं कौतुक करणारे हे उदाहरण आवडीने देतात आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण गावकर म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले पुरुष. बाया नाहीत, दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ नाही, भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जमिनीत झोपडं बांधून राहणारा मुंडकार नाही. स्वित्झर्लंडमध्येसुद्धा लोक थेट मतदान करून कायदे ठरवत आले, आणि तिथल्या बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला तो 1971 साली. कुळांना संरक्षण देणारा कायदा गोव्यात 1964मध्ये झाला आणि मुंडकारांसाठीचा 1975मध्ये. दोन्ही निवडून आलेल्या विधानसभेने केले. एकेका मताची किंमत सारखी झाली तेव्हाच हे घडलं.

लोकशाहीची ताकद मला सगळ्यात स्वच्छ दिसते ती 1967 सालात. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावर 16 जानेवारीला जनमत कौल झाला. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं. वेगळेपणाच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मतं पडली. मराठीवर जीव असलेल्या आमच्यासारख्या घरांत तो पराभव फार लागला. तरी निकाल मानला गेला. आणि मार्चमधल्या निवडणुकीत त्याच लोकांनी त्याच भाऊसाहेबांना परत सत्तेवर बसवलं! धोरण नाकारायचं आणि नेता ठेवायचा, हे मतपेटी असेल तरच जमतं.

आता संसदीय पद्धतीची दुखरी बाजू. आमची विधानसभा 40 आमदारांची, बहुमत 21चं. 2003च्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला 15 टक्क्यांची मर्यादा घातली, पण छोट्या राज्यांना 12 मंत्र्यांची मुभा ठेवली. म्हणजे सत्ताधारी बाकावरच्या निम्म्याहून अधिक आमदारांना मंत्रिपद देता येतं, उरलेल्यांसाठी महामंडळं असतात. सरकारला प्रश्न विचारायला मग कोण उरतं? एका पक्षाचे दोन तृतीयांश आमदार एकत्र दुसऱ्या पक्षात गेले तर पक्षांतरबंदी कायद्यातून त्यांना पक्ष-विलीनीकरणाची पळवाट मिळते. 2019मध्ये काँग्रेसच्या 15पैकी 10 आमदार असेच गेले, 2022मध्ये 11पैकी 8. ज्याने मत दिलं त्याला कुणी विचारलं नाही, याचा मला मनापासून संताप आहे.

अध्यक्षीय पद्धतीत हा रोग कमी होतो. अध्यक्षाची मुदत ठरलेली, मंत्री आमदारांतून घ्यावे लागत नाहीत, त्यामुळे चार माणसं फुटून सरकार पडत नाही. पण नालायक अध्यक्ष निवडला गेला तर मुदत संपेपर्यंत तो सोसावा लागतो, आणि अध्यक्ष एका पक्षाचा नि कायदेमंडळ दुसऱ्याचं असलं की कारभार अडतो. अमेरिकेत खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कार्यालयं बंद पडलेली आपण बघितलीच आहेत.

म्हणून माझी निवड संसदीय लोकशाहीचीच, दोन दुरुस्त्यांसह. पक्ष सोडणाऱ्या आमदाराने राजीनामा देऊन परत मतदारांसमोर जावं, एकटा असो वा दहा जणांसोबत. आणि ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याने आणखी वजन मिळावं. लोकांनी विरोध केला म्हणूनच जमीन कशी वापरायची हे ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ सरकारने 2007च्या जानेवारीत मागे घेतला, त्याच वर्षाअखेर सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रं) रद्द करण्याची घोषणा केली, 2021च्या जानेवारीत सत्तरीतल्या मेळावलीचा आयआयटी प्रकल्प तिथून हलवला. मेळावलीत लोकांना लाठ्या खाव्या लागल्या, गुन्हे अंगावर घ्यावे लागले. आजच्या ग्रामसभेत बाया बोलतात, मुंडकाराची मुलं बोलतात. तिथे झालेला ठराव सरकारने आधीच ऐकला असता, तर गावाला रस्त्यावर उतरावं लागलं नसतं.