जाहिराती बघून स्वतःचंच शरीर आवडेनासं झालंय

प्रश्न: ताई, क्रीमच्या, जिमच्या जाहिराती बघून बघून मला माझं पोट, रंग काहीच आवडत नाही, फोटो काढताना मी मागेच लपते. काय करू?

उत्तर: अगं, तुझ्यात काही कमी नाहीये, तसं वाटायला लावणं हाच त्यांचा धंदा, आधी डाग दाखवायचा मग क्रीम विकायचं. झूम करून बघ, त्या गालावर साधी लवसुद्धा दिसत नाही, कंबरही एडिट करून बारीक केलेली. फ्रान्समध्ये तर २०१७ पासून मॉडेलचं शरीर असं बदललं की जाहिरातीत तसं लिहावंच लागतं! पण नुसतं कळून भागत नाही गं, मन तुलना करतंच, म्हणून असले अकाउंट सरळ अनफॉलो कर, आणि जेवण टाळायला लागली असशील तर प्लीज लगेच समुपदेशकाशी बोल.