बाघच्या गुंफेत आता बघायचं काय?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही इंदूरचे. दिवाळीनंतर बाघच्या (मध्य प्रदेश, धार जिल्हा) बौद्ध गुंफा बघायचा प्लॅन आहे, पण नणंद जाऊन आली ती म्हणते चित्रंबित्रं काही नाहीत, नुसते अंधारे हॉल, एवढं पेट्रोल जाळून कशाला जाता. सोबत सासूबाई (वय ७१) आणि आठवीतला मुलगा आहे. जावं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: जाच. नणंदबाई खोटं नाही बोलत, चांगली चित्रं १९८२ मध्ये भिंतींवरून काढून नेली, ती आता ग्वाल्हेरच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात आहेत. तिथला दगड ठिसूळ वालुकाश्म, त्यात पाणी मुरतं, चित्रं तिथेच ठेवली असती तर गेलीच असती, त्यामुळे नेली ते बरंच झालं असं मला मनापासून वाटतं.

पण बाघ म्हणजे फक्त चित्रं नाहीत हो! ९ गुंफांपैकी २ नंबरची, जिला लोक पांडव गुंफा म्हणतात, ती सावकाश बघा. हॉल ओलांडून थेट मागे जा, वाटेत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर बुद्ध आणि त्यांचे सेवक कोरलेत, लोकांनी त्यांनाच पांडव केलं. आणि अगदी आत, छोट्या खोलीत, स्तूप आहे, बाहेरून आणून बसवलेला नाही, डोंगरच कोरत कोरत शेवटी तेवढा ठेवलाय. अजिंठ्याच्या विहारांत (म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या गुंफांत) गाभाऱ्यात बहुतेक बुद्धमूर्ती दिसते, इथे स्तूप, हा फरक मुलाला नक्की दाखवा. म्हणजे भिक्खू राहायचे तिथेच पूजा व्हायची, मी तरी याला देऊळच म्हणते.

ह्याच गुंफेत महिष्मतीच्या सुबंधू राजाचा ताम्रपट सापडला (महिष्मती म्हणजे आपलं महेश्वर असं बरेच अभ्यासक मानतात). त्यात एक गाव दान दिलंय, कशासाठी, तर बुद्धाच्या पूजेला गंध, धूप, फुलं, भिक्खूंना अन्नवस्त्र आणि विहाराची मोडतोड झाली तर दुरुस्ती! दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी डागडुजीचासुद्धा विचार करून ठेवला होता, मला तर ते वाचून भरून आलं होतं. तो मजकूर डोक्यात ठेवून आत गेलात तर तो अंधारा हॉल रिकामा वाटणार नाही.

आता जाण्याचं. धारवरून जा, इंदूरहून एका बाजूचं अंतर साधारण दीडशे किलोमीटर आहे, म्हणून सकाळी लवकर निघा आणि चांगला टॉर्च घ्या, मोबाईलच्या उजेडावर भागत नाही. गुंफा बाघिनी नदीकाठी विंध्याच्या उतारावर आहेत, तेव्हा सासूबाईंना घाई करू नका, सगळ्या गुंफा नाही झाल्या तरी चालतील, २ आणि ४ नंबर मात्र सोडू नका. ४ नंबर म्हणजे रंगमहाल. पुढे कधी ग्वाल्हेरला गेलात की गुजरी महालात मुलाला घेऊन जा आणि सांगा, आपण पाहिलेल्या त्या भिंतींवरचं हे.