ब्रेकचं पेडल हळूच खाली जातंय, परत किटच टाकू का?

प्रश्न : नमस्कार दादा. आमच्याकडे वडिलांची 1974 ची महिंद्रा सीजे 3बी जीप आहे, पसरणी घाटातून पाचगणीला नेतो अधूनमधून. ब्रेक दाबला की लागतो नीट, पण उतारावर पाय दाबून थांबलो की पेडल हळूहळू खाली बसत जातं, पंप मारला की परत वर. चारही ड्रम उघडून बघितले, आत कोरडे आहेत. सहा महिन्यांपूर्वीच मास्टर सिलेंडरचं किट, म्हणजे आतली रबरं, टाकलंय आणि फिटर म्हणतोय परत किट टाकू. काय करावं?
- एक वाचक, वाई

उत्तर : आधी एक सांगतो, हे काम होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. तुमच्या जीपला एकच सर्किट आहे, म्हणजे चारही चाकांचा ब्रेक त्या एका मास्टर सिलेंडरवर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो), तो गेला की पायाला काहीच उरत नाही.

पाय स्थिर दाबून धरल्यावर पेडल बसतं आणि बाहेर कुठेच गळती नाही, म्हणजे ऑइल पिस्टनच्या पुढच्या रबरावरून आतल्या आत मागे सरकतंय. किट सहा महिन्यांत गेलं याचा अर्थ बहुतेक बोअरच, म्हणजे सिलेंडरची आतली गोल पोकळी, खराब आहे. या गाडीत मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसिसला असतो, चिखलपाणी सगळं तिथेच उडतं, आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्याने बोअरला आतून गंज धरतो आणि खड्डे पडतात. सिलेंडर उघडून पुसा आणि आतून नख फिरवून बघा. नख अडकलं तर कितीही चांगलं रबर टाका, ते खरवडलं जाणार, तेव्हा सरळ नवा सिलेंडर घ्या. दुकानात जुना घेऊन जा आणि बोअर मोजूनच घ्या, मोठा बोअर बसवला तर पेडल कडक लागतं पण थांबायला जोर जास्त द्यावा लागतो.

गाडीखाली जायच्या आधी चाकांना लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढलाय म्हणून बिनधास्त जाऊ नका! या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) मागच्या ड्रमवर असतो, त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमधून (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) ते मोकळं फिरतं आणि गाडी सरकू शकते. पाइपचे नट साध्या पान्याने गोल होतात, आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा आणि नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर पाना वापरा. तांब्याचे वायसर नवीनच टाका.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक फिटर लक्ष देत नाहीत ती, पुश रॉडचा (पेडलपासून पिस्टनला ढकलणारी दांडी) फ्री प्ले. पेडल हाताने दाबलं की साधारण अर्धा इंच रिकामं गेलं पाहिजे आणि मग रॉड पिस्टनला टेकला पाहिजे. सिलेंडरच्या टाकीतून बोअरमध्ये एक अगदी बारीक भोक उतरतं, पाय उचलल्यावर चाकांकडून परतलेलं जादा ऑइल त्यातून टाकीत जातं, आणि रॉड लांब झाला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते भोक रबराखाली झाकलेलं राहतं. मग ब्रेक थोडे थोडे धरून राहतात, ड्रम तापतात, ऑइल फुगतं, ब्रेक अजून घट्ट. माझी स्वतःची जीप अशीच एकदा भर उन्हात रस्त्यात जाम झाली होती, चाकाचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) ढिला केला, चमचाभर ऑइल बाहेर आलं आणि चाक सुटलं. तेव्हापासून रॉडची लांबी पक्की करणारा चेकनट घट्ट करून झाला की मी पेडल परत हाताने दाबून बघतोच.

ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4 ग्रेडचं, सीलबंद डब्यातलं. इंजिन ऑइलचा थेंबसुद्धा नको, त्याने सगळी रबरं फुगून बाद होतात. कलरवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पाइपमधली एअर काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे तुमच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, आणि बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. टाकी मध्येच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. त्याआधी लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमला नीट सेट करून घ्या, नाहीतर पेडल खोल जातं आणि तुम्ही उगाच एअर शोधत बसाल. रबरी होज जुने असतील तर याच वेळी बदला, ऑइल तसंही काढलेलंच असतं.

सगळं झाल्यावर उभ्या गाडीत पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. जागचं हललं नाही तर सपाट मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघा, चारपाच किलोमीटर झाले की उतरून चारही ड्रमजवळ हात धरा, एखादा जास्त तापला असेल तर तिथे अजून काम बाकी आहे.