पहिल्या रेल्वेचे गुण कोणाला?

प्रश्न : आमच्या गृहसंकुलातील प्रश्नमंजूषेत 'भारतातील पहिली रेल्वे कोठे धावली?' असा प्रश्न होता. बहुतेकांनी 'बोरीबंदर ते ठाणे' असे उत्तर दिले. एका स्पर्धकाने मात्र 'मद्रास' असे लिहून गुणांसाठी आग्रह धरला. ठाणेकर या नात्याने आम्ही त्याचे उत्तर चूक ठरवले. आमचा निर्णय योग्य होता का?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : नाही. ठाण्याकडे असलेला मान पहिल्या सार्वजनिक प्रवासी रेल्वेचा आहे, आणि आपल्या प्रश्नात प्रवाशांचा उल्लेखच नव्हता. मद्रासजवळील रेड हिल्स येथून रस्त्यांसाठी लागणारा दगड वाहून नेण्यासाठी बांधलेला लोहमार्ग 1837 मध्येच वापरात आला होता. त्यानंतर 1851 च्या डिसेंबरात रुरकीजवळ, गंगा कालव्यासाठी सोलानी नदीवर जलसेतू उभारला जात असताना, मातीच्या वाहतुकीसाठी 'थॉमसन' नावाचे वाफेचे इंजिन रुळांवर धावू लागले. इतकेच नव्हे, तर आपल्या बोरीबंदर–ठाणे मार्गावरही नोव्हेंबर 1852 मध्ये चाचणीची गाडी धावली होती, त्यामुळे ज्या 16 एप्रिल 1853 या तारखेचा आपण अभिमान बाळगतो, ती या मार्गाच्या रीतसर उद्घाटनाची तारीख आहे. त्या दिवशी दुपारी 3.35 वाजता 21 तोफांच्या सलामीत साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली 14 डब्यांची गाडी सुमारे 400 जणांना घेऊन 34 किलोमीटरवरील ठाण्याकडे निघाली. आणि हे सारे निमंत्रित पाहुणे होते, तिकीट काढून बसलेले उतारू नव्हेत!

तेव्हा मद्रासवाल्या स्पर्धकाला गुण द्यावेत, इतरांचेही काढून घेऊ नयेत, कारण दोष प्रश्नाच्या मोघम शब्दरचनेचा आहे. प्रवासाला किती मिनिटे लागली, हे तर विचारूच नये. कोठे 57 मिनिटे छापलेली असतात, कोठे सव्वा तास, आणि पुन्हा वाद ओढवेल.

प्रश्न : ही गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीतून सुटली, असे मुलाने प्रकल्पवहीत इमारतीच्या चित्राखाली लिहिले आहे. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : ते शक्यच नाही. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार या इमारतीचे काम 1878 मध्ये सुरू झाले, म्हणजे गाडी धावली त्याला तेव्हा 25 वर्षे उलटून गेली होती. त्यापूर्वी तेथे बोरीबंदरचे साधे स्थानक होते. मात्र 3 फेब्रुवारी 1925 रोजी कुर्ल्याला गेलेली देशातील पहिली विजेवरची प्रवासी रेल्वेगाडी याच टर्मिनसवरून सुटली. चित्र चिकटवून झालेच असेल, तर त्याखालचा मजकूर तेवढा बदलावा.